दरवर्षी ‘संपणारा’ गॅस

हिंगणघाटपासून थोड्याच अंतरावर असलेल्या आमच्या गावात उन्हाळा म्हणजे कूलर, वाळ्याच्या ताट्या आणि दुपारभर लोटून घेतलेली दारे, असेच माझे बहुतेक आयुष्य गेले. घरात एसी आला तो आईसाठी. तिला कूलरची ओलसर हवा सोसवेनाशी झाली, म्हणून २०२१ साली तिच्या खोलीपुरता दीड टनाचा एक स्प्लिट एसी बसवून घेतला. पहिला उन्हाळा सुखात गेला. दुसऱ्या वर्षी नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागायला चार दिवस असताना यंत्र नुसताच वारा फेकू लागले. तालुक्याहून आलेल्या मिस्त्रीने बाहेरच्या युनिटला दाब मोजणारे गेज लावले, काटा पाहिला आणि निदान सांगितले, “सर, गॅसच नाही राह्यला जी. संपला.” अडीच हजार रुपयांत गॅस भरला गेला, खोली गार झाली आणि मी समाधानाने चहा पाजून त्याला निरोप दिला. तिसऱ्या वर्षी तेच घडले, चौथ्या वर्षीही तेच. पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाने ‘संपला’ हा शब्द तीन उन्हाळे निमूटपणे ऐकून घेतला, याचे नवल माझ्या बायकोला वाटत नाही, पण मला वाटते.

एसीतला गॅस हे इंधन नाही. तो जळत नाही, झिजत नाही, वापरून कमी होत नाही. जुन्या विहिरीवरचे रहाटगाडगे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. गाडगी रिकामी खाली जातात, भरून वर येतात, पन्हाळीत ओततात आणि पुन्हा खाली जातात. उपसले जाते ते पाणी, गाडगी नव्हेत. एसीत पाण्याच्या जागी खोलीतली उष्णता असते आणि गाडग्यांच्या जागी हा गॅस, ज्याला पुस्तकी मराठीत प्रशीतक म्हणतात. आतल्या कॉइलमध्ये तो द्रवाचा वायू होतो आणि तसे होताना खोलीतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो ती उष्णता अंगणातल्या हवेत टाकून पुन्हा द्रव होतो आणि बारीक नळीतून दाब उतरून परत आत येतो. सगळा मार्ग तांब्याच्या बंद नळ्यांचा आहे. गॅस कमी झाला असेल तर तो गळला आहे, आणि गळला असेल तर भोक कुठेतरी आहेच.

द्रवाचा वायू होताना गारवा कसा येतो, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. घरच्या रांजणातून पाझरलेले पाणी हेच करते, आणि लग्नाच्या पंगतीसाठी मोठ्या भट्टीला जोडलेला गॅस सिलिंडरही हेच करतो. तासभर भट्टी धडाडून पेटली की सिलिंडरच्या खालच्या भागावर दहिवर जमते, थंडीच्या दिवसांत कधी बर्फही धरतो. आतला द्रवरूप गॅस भराभर उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता टाकीच्या पत्र्यातून ओढतो. हा स्वयंपाकाचा गॅस मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो, आणि शुद्ध प्रोपेन हे आर-२९० या नावाने एसीत, तर ब्युटेनचाच सख्खा भाऊ आयसोब्युटेन हा आर-६००ए या नावाने फ्रिजमध्ये वापरले जाते. तुमच्या फ्रिजच्या मागच्या स्टिकरवर ज्वाळेचे चिन्ह आणि पन्नासएक ग्रॅमचा आकडा असेल तर तो हाच. (यावरून कोणी घरगुती सिलिंडर एसीला जोडण्याचा विचार करू नये. त्या गॅसचे मिश्रण ठरावीक नसते, त्यात ओलावा आणि वासासाठी मिसळलेले रसायन असते, आणि ज्या यंत्राची विद्युत जोडणी ज्वालाग्राही गॅस धरून केलेली नाही त्यात तो भरणे म्हणजे बैठकीत बॉम्ब ठेवणे आहे.)

या आकड्यांत एक गंमत आहे, जी मी वर्गात शिकवायला हवी होती. आर-नंतरच्या आकड्यात रेणूची जडणघडण लपलेली असते. उजवीकडचा शेवटचा अंक म्हणजे फ्लोरिनचे अणू, त्याच्या डावीकडचा अंक म्हणजे हायड्रोजनचे अणू अधिक एक, आणि त्याच्याही डावीकडचा म्हणजे कार्बनचे अणू उणे एक; हा शून्य आला तर लिहीत नाहीत. आर-३२ घ्या: फ्लोरिन दोन, हायड्रोजन तीन वजा एक म्हणजे दोन, कार्बन एक. आर-२९० घ्या: फ्लोरिन नाही, हायड्रोजन आठ, कार्बन तीन, म्हणजे प्रोपेन. आर-१३४ए मध्ये फ्लोरिन चार, हायड्रोजन दोन, कार्बन दोन, आणि ‘ए’ हे अक्षर त्याच अणूंची वेगळी मांडणी दाखवते. कार्बनच्या उरलेल्या जागा क्लोरीनने भरायच्या, म्हणून आर-२२ मध्ये एक आणि आर-१२ मध्ये दोन क्लोरीन निघतात. चारशेच्या घरातले आकडे मिश्रणांचे असतात. सातशेच्या पुढे सोपे आहे: सातशे अधिक रेणुभार. अमोनिया आर-७१७, जो बर्फाच्या कारखान्यांत आणि मोठ्या शीतगृहांत आजही वापरतात, आणि आपले साधे पाणी आर-७१८. म्हणजे वाळ्याच्या ताटीवर पाणी मारणारी माझी आजी आर-७१८ वापरत होती.

क्लोरीनचा हा हिशोब पुढे साऱ्या जगाला महागात पडला. १९३० च्या आसपास आर-१२ बाजारात आला, तेव्हा तो वरदानच वाटला, कारण त्याआधीच्या फ्रिजमधले अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड गळले तर माणसे दगावत. हा नवा वायू विषारी नव्हता आणि पेटतही नव्हता. तो इतका टिकाऊ होता की हवेत सोडला तर वर्षानुवर्षे विघटनाशिवाय वर चढत राही, आणि घोटाळा नेमका तिथेच होता. वर गेल्यावर अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटतो आणि ओझोन खातो, हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडले. अंटार्क्टिकावरच्या ओझोनचे छिद्र १९८५ साली जाहीर झाले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी ओझोन खाणारे वायू हटवण्यासाठी माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारतही त्यात आला. आर-१२ गेला. घरच्या एसीत बराच काळ ठाण मांडून बसलेला आर-२२ हा ओझोनला त्याच्या मानाने खूपच कमी बाधतो, पण बाधतो. आपल्यासारख्या देशांना तो २०३० पर्यंत जवळजवळ संपवायचा आहे. पुढे फक्त जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरता थोडासा राहील. माझ्या धाकट्या भावाकडे खिडकीत बसवलेला आर-२२ चा एसी अजून आहे आणि तो विकायला तयार नाही. त्याच्या हट्टात थोडे शास्त्रही आहे.

आर-२२ नंतर आलेल्या गॅसमध्ये क्लोरीन नाही, पण वातावरणात उष्णता अडवून धरण्याची त्यांची ताकद भलतीच आहे. आर-४१०ए हे आर-३२ आणि आर-१२५ यांचे निम्मे-निम्मे मिश्रण, आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने त्याचा एक किलो म्हणजे सुमारे २०८८ किलो कार्बन डायऑक्साइड. एकट्या आर-३२ चा आकडा ६७५, गाडीतल्या आर-१३४ए चा १४३०, आर-२९० चा मात्र तीनच्या आसपास. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला माँट्रियल करारात दुरुस्ती झाली. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली असून आपल्याकडे या गॅसांचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे, २०३२ पासून पायरीपायरीने उतरवत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. नवे घरगुती एसी सध्या बहुतेक आर-३२ चे येतात. गोदरेजने २०१२ च्या सुमारास आर-२९० चे एसीही बाजारात आणले. त्यांत गॅस फारच थोडा, काहीशे ग्रॅम असतो, कारण प्रोपेन हवेत दोन टक्क्यांवर मिसळले की पेटू शकते. आर-३२ ला त्यासाठी चौदा टक्क्यांहून जास्त लागते आणि तरीही तो सावकाश जळतो. पण मिस्त्री युनिट उघडून बसला असताना शेजारी बिडी न पेटवायला तेवढेही कारण पुरेसे आहे.

आता भावाच्या हट्टाकडे येतो, कारण विदर्भात राहणाऱ्याने गॅस निवडताना ओझोनइतकाच आणखी एक आकडा पाहावा असे मला वाटते. प्रत्येक वायूचे एक क्रांतिक तापमान असते. त्याच्यावर गेल्यावर कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाही. आर-४१०ए चे हे तापमान सुमारे ७१ अंश, आर-३२ चे ७८, आर-२२ आणि आर-२९० यांचे ९६ च्या जवळपास. कार्बन डायऑक्साइडचे तर अवघे ३१. बाहेर ४६-४७ अंश असताना बाहेरच्या कॉइलमधल्या गॅसला उष्णता टाकायची तर त्याला हवेपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापावे लागते, म्हणजे साठीच्या आसपास जावे लागते. युनिट टिनाच्या छपरावर असेल तर त्याच्या भोवतालची हवाच पन्नाशीला टेकलेली असते. क्रांतिक तापमानाच्या जितके जवळ जावे तितकी गॅसची उष्णता वाहण्याची कुवत घटते, आणि नेमक्या ज्या दुपारी गारवा हवा त्याच दुपारी आर-४१०ए चे यंत्र धापा टाकते. भावाचा जुना खटारा वीज भरपूर खातो, पण मे महिन्यात हार मानत नाही, त्याचे हे एक कारण आहे. एसीचे टनेज, म्हणजे गार करण्याची क्षमता, ३५ अंश बाहेरच्या हवेवर मोजलेले असते, आणि वीजबचतीच्या ताऱ्यांसाठी (स्टार रेटिंग) वर्षभराचा जो हिशोब होतो तो २४ ते ४३ अंशांपर्यंतच जातो. आमचा नवतपा त्या कोष्टकाच्या बाहेर पडतो. आमच्या घरचा एसी आर-३२ चा आहे आणि त्याचे बाहेरचे युनिट मी उत्तरेच्या भिंतीवर, कडुनिंबाच्या सावलीत बसवले होते. एवढी एक गोष्ट मी पहिल्यापासून बरोबर केली होती.

पाचव्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी, जो आयटीआय करून याच कामात पडला आहे, सुटीत गावी आला होता. त्याच्याजवळ गेजबरोबर एक वजनकाटा होता, आणि माझ्या दृष्टीने सगळा फरक त्या काट्याने पाडला. गेजचा काटा आत किती गॅस आहे ते सांगत नाही, हे त्यानेच मला दाखवले. यंत्र बंद असताना, आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी काटा फक्त तापमान सांगतो. चाळीस अंशांना आर-३२ चा दाब चौरस इंचाला सुमारे ३४५ पाउंड, मग आत आठशे ग्रॅम असोत की पाचशे. स्वयंपाकाचा सिलिंडर शेवटपर्यंत तशीच ज्योत देतो, तसेच हे. यंत्र चालू असताना काटा खाली येतो खरा, पण तो गॅस कमी झाल्याने जसा येतो तसाच आतल्या जाळीवर धूळ बसल्यानेही येतो. गॅस खरोखरच कमी असल्याची खूण त्याने वेगळीच दाखवली: बाहेरच्या युनिटमधून निघणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी पांढरे दहिवर धरले होते.

त्याने आधी गॅस परत ओढून घेणारे यंत्र लावले आणि आतला सगळा गॅस रिकाम्या टाकीत काढून वजन केले. युनिटच्या स्टिकरवर ८५० ग्रॅम लिहिलेले होते. निघाले ५१० ग्रॅम. मग नळ्यांत नायट्रोजन भरला आणि सांध्यांना साबणाचा फेस लावत गेला. मोठ्या नळीच्या नटावरचे काळे आवरण मागे सारताच फेसाआधी आम्हाला दिसला एक तेलकट डाग, ज्यावर धूळ चिकटून तपकिरी कड तयार झाली होती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेल फिरत असते. गॅस निसटून हवेत विरतो, तेल तिथेच राहून चुगली करते. फेस लावल्यावर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले. बसवताना नट जोर लावून इतका आवळला होता की तांब्याचे फुलवलेले तोंड एका बाजूने पातळ होऊन चिरले होते. चार वर्षे तो डाग माझ्या डोळ्यांसमोर, अंगणातल्या बाजेपासून चार हातांवर होता.

नळीचे टोक कापून त्याने नवे तोंड फुलवले, तेलाचा थेंब लावून मापाच्या पान्याने नट आवळला, नायट्रोजन रात्रभर कोंडून ठेवला, आणि सकाळी गार हवेने पडायचा तेवढाच काटा पडला आहे याची खात्री केली. त्यानंतर पाऊण तास व्हॅक्यूम पंप. हा पंप आमच्याकडे एसी बसवताना कोणी आणलाच नव्हता. यंत्रातलाच थोडा गॅस फुस्स करून सोडला की नळ्यांतली हवा निघून जाते, अशी त्या वेळच्या मिस्त्रीची पद्धत होती आणि मलाही ती चलाखी वाटली होती. मागे राहिलेली हवा द्रवरूप होत नाही, कॉइलमध्ये नुसती जागा अडवून दाब वाढवते; ओलावा तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि कॉम्प्रेसरची तारगुंडाळी खातो. शेवटी काढलेले ५१० ग्रॅम आणि वर ३४० ग्रॅम नवा गॅस, असे बरोबर ८५० ग्रॅम काट्यावर मोजून आत गेले. आर-३२ हा एकच घटक असल्याने जुना गॅस त्याच यंत्रात परत घालता आला. मिश्रण असते तर गळताना कुठला घटक किती गेला याची शंका राहिली असती. या कामाला दीड दिवस लागला. दरवर्षीचे टॉपअप पाऊण तासात होत असे, आणि गिऱ्हाईकाला तेच आवडते. म्हणून सगळा दोष मिस्त्रीवर ढकलायला माझी तयारी नाही. मे महिन्यात दिवसाला दहा घरे फिरणाऱ्या माणसाने नायट्रोजन रात्रभर ठेवावा, असे त्याला मी तरी कधी म्हटले होते? तो ‘भरू का?’ विचारी आणि मी ‘लवकर भर बापा’ म्हणत असे.

प्रत्येक वेळी गॅस खरोखर कमी असतोच असेही नाही. आमच्या भागात जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा, हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि रुईचे बारीक तंतू उन्हाळ्यापर्यंत हवेत तरंगत असतात. जिनिंगजवळ दुकान असलेल्या माझ्या एका मेहुण्याचे यंत्र गार करीत नव्हते, त्यालाही गॅसच सुचवला गेला होता. आम्ही बाहेरच्या युनिटची मागची बाजू पाहिली तर कॉइलवर रुई आणि धूळ यांची गोधडीसारखी साय जमली होती. बोटाने उचलली तर अखंड निघाली. पाण्याच्या साध्या धारेने कॉइल धुतल्यावर यंत्र चालले. संध्याकाळी गावातला व्होल्टेज १८० च्या खाली उतरतो तेव्हा कॉम्प्रेसर उठतच नाही, त्यालाही लोक गॅसच संपला म्हणतात.

गाडीची गोष्ट थोडी निराळी आहे. घरच्या एसीत सांधे मोजके असतात; गाडीत रबरी नळ्या, रबरी कड्या आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचे सील असल्याने काही वर्षांत थोडा गॅस पाझरतो, हे मान्य करावे लागते. पण एका हंगामात तो उतरला तर तिथेही भोकच शोधायचे. माझ्या गाडीत बॉनेटखालच्या स्टिकरप्रमाणे ४५० ग्रॅम आर-१३४ए बसतो. गिट्टी उखडलेल्या रस्त्यावर पुढच्या ट्रकने उडवलेला खडा समोरच्या जाळीतून कंडेन्सरला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलला) लागला आणि आठवड्याभरात गारवा गेला. तिथेही एका रस्त्याकडेच्या दुकानात मला निम्म्या किमतीत ‘तसलाच’ गॅस देऊ केला गेला. तो मी घेतला नाही, कारण स्वस्त डब्यात काय असेल याचा नेम नसतो. २०११ मध्ये जहाजांवरच्या शीतपेट्यांत आर-१३४ए च्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस भरला गेला, त्याने आतल्या ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवा लागताच पेटणारे संयुग तयार केले, आणि त्या पेट्या दुरुस्त करणारी माणसे स्फोटात मेली. गाडीचा कंडेन्सरही ॲल्युमिनियमचाच असतो. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत आर-१३४ए चालत नाही, तिथे आर-१२३४वायएफ आला आहे. आपल्याकडे मात्र रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत अजून १३४ए च आहे. कंडेन्सर बदलताना मिळालेला एक सल्ला मी पाळतो: हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवायचा, म्हणजे तेल फिरत राहून सील कोरडे पडत नाही.

निवांत बसल्यावर मी एक हिशोब केला. दर उन्हाळ्याला सरासरी ३४० ग्रॅम धरले तर टॉपअपच्या तीन वर्षांत त्या चिरलेल्या तोंडातून एक किलोच्या आसपास आर-३२ हवेत गेला, म्हणजे सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो निघतो. तेव्हा माझ्या बाजेपासून चार हातांवर कोणाला न दिसता २९० लिटर पेट्रोल जळले. माझी मोटारसायकल एवढ्यात साडेचौदा हजार किलोमीटर धावली असती. पैशांत ते साडेसात हजार रुपये होते, आणि खरे सांगायचे तर मला आधी तेच टोचले.

जाण्यापूर्वी त्या मुलाने युनिटच्या पत्र्यावर आतल्या बाजूने काळ्या मार्करने तारीख, ‘आर-३२’ आणि ‘८५० ग्रॅम’ असे लिहून ठेवले. “सर, आता कोणी संपला म्हणलं का त्याले हे दाखवजा,” असे म्हणून तो गाडीवर बसला. यंदाचा नवतपा सरल्यावर मी पत्रा काढून, चष्मा लावून, नटाभोवती कोरडे फडके फिरवून पाहिले. फडक्याला फक्त धूळ लागली.